रंग सरकलेला कागद

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. ठिपकी हिला अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. जिना दिसला की तो माझ्याआधी कुरकुरतो. मोरीतला नळ दुरुस्त झाला. म्हणजे नळवाला उभा होता तोवर गळला नाही, त्याची पाठ वळली तसा पुन्हा सुरू. परक्यासमोर लाजत असावा. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर रोज चार वाजता येतात, चहा पितात, आणि कप ठेवताना म्हणतात, "पूर्वीची चव नाही राहिली." पूर्वीचा चहा तुझी आई करायची, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. आम्ही दोघेही तो विषय पुढे नेत नाही.

तू वेळेवर जेवतेस ना? त्या दिवशी मनगटं फार बारीक दिसली.

बघ, त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो आणि नळावर घसरलो. आता लिहितो. तू म्हणशील, मी तिथेच होते, मला काय सांगता? पण मी काय पाहिलं ते तुला कुठे ठाऊक आहे?

तू पाठवलेल्या गाडीनं मी तुझ्या प्रदर्शनाला अर्धा तास आधीच पोचलो. इतक्या पांढऱ्या भिंती मी फक्त इस्पितळात पाहिल्या आहेत. आणि त्यातल्या सगळ्यात लांब भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, साबणाचे कागद. आपल्या कंपनीच्या साबणाचे. एकेक कागद एकेका टाचणीवर, फक्त वरच्या टोकाला टोचलेला, त्यामुळे पंख्याची झुळूक आली की सगळे कागद एकदम हलायचे. हजार बायका एकाच वेळी मान हलवताहेत आणि चेहरा एकच. तुझ्या आईचा.

मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. (तेव्हाही पहारेकरी म्हणाला, "आजोबा, हात काढा.")

ते चित्र मी काढलं तेव्हा आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. छपाई विभागात मी नवीनच चित्रकार होतो. साहेबांनी सांगितलं होतं, नव्या साबणाला एक स्वच्छ चेहरा हवा. आठ दिवस काही सुचेना. एका सकाळी तुझी आई तोंड धूत होती. डोळ्यांत फेस गेलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान तिरकी, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय. मी म्हटलं, "थांब, हलू नकोस." ती म्हणाली, "टॉवेल द्या आधी." मी टॉवेल दिला नाही, पेन्सिल उचलली. पुढं सगळ्या जगाला वाटलं, ही बाई कसल्या तरी गोड स्वप्नात आहे. ती टॉवेल शोधत होती, ठिपके.

तुझ्या भिंतीसमोर माझ्या शेजारी एक दाढीवाला तरुण मैत्रिणीला समजावत होता, "ही बाई नाहीच मुळी. ही आपली हाव आहे." मैत्रीण म्हणाली, "बाप रे, किती भयाण बघते!" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की अहो, तिच्या डोळ्यांत फेस गेलाय. पण तुझ्या कलेतलं मला काय कळतं? मी साबण विकणारा चित्रकार.

पण एक कळलं. तू कागद वर्षांप्रमाणे लावले होतेस. डावीकडे पहिला, उजवीकडे अलीकडचा. दर चार-पाच वर्षांनी साहेब मला बोलवायचे. "जरा उजळ करा. हनुवटी थोडी वर. वय कमी वाटू द्या, दुकानात शेजारी दुसऱ्यांचे साबण असतात." मी करायचो. नोकरी होती. डावीकडून उजवीकडे चालत गेलो तर ती उजळत, बारीक होत, लहान लहान होत गेली. शेवटी शेवटी तर तुझ्याहूनही लहान.

आणि मग शेवटची ओळ. सगळ्यांपासून हातभर लांब, एकटाच लावलेला कागद. लाल रंग सरकलेला.

तुला हे सांगायला नको, पण लिहितोच. प्रत्येक कागदावरून रंग चार वेळा फिरतो: पिवळा, लाल, निळा, काळा. मधे कागद केसभर जरी हलला तरी ओठांचा लाल गालावर उतरतो, डोळ्यांचा काळा डोळ्यांखाली जातो. चित्र काढायचं काम वर्षाकाठी महिनाभर असे. बाकीचे अकरा महिने मी भिंग घेऊन छापील कागद तपासायचो. रंग सरकलेला कागद दिसला की ओढायचा, चुरगळायचा, खिशात कोंबायचा. खाली टाकायचा नाही, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा गठ्ठ्यात घालतो. चाळीस वर्षं हेच केलं.

तर, माझा हात गेला. ओढला, चुरगळला, खिशात. त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डागही होता, म्हणजे रद्दीच की. पहारेकरी ओरडला. तू तिकडे कंपनीच्या माणसांशी बोलत होतीस, धावत आलीस.  तू म्हणालीस, "बाबा, खिसा दाखवा."

मी म्हटलं, "काही नाही त्यात. रद्दी होती."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "राहू दे." आणि आत निघून गेलीस. मी त्याच गाडीनं परत आलो.

सवय, ठिपके. दुसरं काही नाही. टांग्याचा घोडा सुट्टीच्या दिवशीही त्याच दारासमोर थांबतो, तसं.

आठवतं, शाळा अर्धा दिवस असली की तू छापखान्यात यायचीस? भिंगातून कागद बघायचीस. एकदा विचारलंस, "बाबा, आईच्या गालात नुसते ठिपकेच आहेत. आई कुठे आहे?" मी म्हटलं, "लांब धर, मग दिसेल." तेव्हापासून तू ठिपकी. घरी परतताना मी तुला आमच्या गुरुजींची कविता चालीवर म्हणून दाखवायचो. गुरुजींनी ती स्वतःच केली होती, कुठल्या पुस्तकात नाही. आम्ही बाकावर उभे राहून म्हणायचो. "रान म्हणाले पाखराला, जा, दाणे वेचून ये..." पुढची ओळ काही केल्या आठवत नाही. तुला येत असेल तर कळव. त्या निमित्तानं तरी दोन ओळी लिहिशील.

तुझे,
बाबा

शुक्रवार, ७ मार्च

चि. ठिपकी हिला आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. फोन उचलत नाहीस, ते ठीक, कामात असशील. मी हल्ली पोस्टमनची इतकी वाट बघतो की परवा तो म्हणाला, "काका, नाही आलं तर मीच लिहून आणू का?"

मी ठीक. नळ गळतो.

हेडमास्तर वर्तमानपत्र घेऊन आले होते. तुझं कौतुक आलंय, अर्धं पान. चष्मा वर करून त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, शाळेत बक्षीस समारंभाला वाचावं तसं. त्या लेखकाला म्हणे सगळ्यात जास्त भावली ती शेवटची रिकामी टाचणी. हजार चेहऱ्यांनंतर काहीच नाही; बाजारानं बाईला शेवटी संपवूनच टाकलं; ही टाचणी म्हणजे कलाकृतीचं शिखर. हेडमास्तर म्हणाले, "अहो, पोरीनं काय डोकं चालवलंय!" मी मान डोलावली. काय सांगू? की ते डोकं पोरीचं नव्हे, बापाचा हात होता?

खाली बारीक अक्षरात असंही होतं की ती भिंत कंपनी विकत घेणार आहे, जशीच्या तशी, मुख्य कार्यालयाच्या दारात लावायला. रिकाम्या टाचणीसकट. आपलीच कंपनी. तू त्यांना चिमटा काढायला गेलीस आणि त्यांनी तो दागिना म्हणून कानात घातला. तुला हे कसं लागलं असेल ते मला कळतं, एवढंच लिहितो. कळत नाही असं समजू नकोस.

आता एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो.

परवा बाजारात गेलो होतो. माझ्या पुढं एक मुलगी चालली होती, हातात कापडी पिशवी. पिशवीवर तुझी आई. प्रदर्शनाच्या दुकानात मिळतात त्यातली. तिथे कपही होते, मी पाहिले होते. मुलीनं पिशवीत बटाटे भरलेले. ओझ्यानं कापड ताणलेलं, त्यामुळे एक गाल खाली ओघळलेला, तोंडाचं टोक वाकडं झालेलं. मी तिच्या मागं मागं चालत राहिलो. दोन गल्ल्या. शेवटी तिनं वळून विचारलं, "आजोबा, काही हवंय का?"

"नाही बाळ. पिशवी छान आहे."

"हो ना! जुनं ते सोनं."

"कोण आहे गं ही बाई?"

तिनं पिशवी वर धरून बघितली, जणू पहिल्यांदाच. "कोणी नाही हो," म्हणाली. "साबणवाली आहे."

मी घरी आलो. चहा केला, प्यायलो नाही.

सवय होती, ठिपके. माझ्यावर राग धर, पण हे एवढं मनात ठेव.

तुझे,
बाबा

बुधवार, १९ मार्च

ठिपके,

कार्ड मिळालं. एकच ओळ. "बाबा, सवय होती की ओळखलंत?"

ओळखलं.

आशीर्वाद लिहायचे राहिले. ते तुझ्यामागं असतातच, आजच्यापुरते द्यायला मला तोंड नाही.

तुझी आई मोरीपाशी पडली तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. तू परगावी शिकायला होतीस. आम्ही तुला कळवलं, "जरा अशक्तपणा आहे." डावी बाजू गेली होती. गाल ओघळला, ओठाचं टोक खाली आलं, डावा डोळा पुरता मिटेना. शब्द लोळत यायचे. सुट्टीला आलीस तेव्हा तू दारातच रडलीस, आणि ती तुला म्हणाली, "अगं, अर्धी तर आहे ना अजून?"

मी रोज कामावर जायचो. ती उजव्या हातानं जे जमेल ते करायची. एक काम तिनं शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही. धुण्याआधी माझे खिसे उलटे करायची. लग्नापासूनची पद्धत. खिशांतून काय निघायचं, तर तिच्याच चेहऱ्याचे बोळे. आधी आधी हसायची. "दिवसभर मला चुरगळता आणि संध्याकाळी विचारता, बरी आहेस का?" पुढं पुढं हसेनाशी झाली. तो साबणही घरात आणू द्यायची नाही. रस्त्यात, गटारात, कचऱ्याच्या ढिगावर तिचा चेहरा पडलेला असायचा; ती पदर सावरून लांबून जायची. मी म्हणायचो, "अगं, कागद आहे तो." मला खरंच तसं वाटायचं.

एका संध्याकाळी तिनं हाक मारली. "इकडे या. हे बघा." टेबलावर एक बोळा तिनं तळहातानं सरळ करून ठेवला होता. लाल सरकलेला, काळाही थोडा. ओठाचं टोक खाली, गाल ओघळलेला, एक डोळा जागच्या जागी नाही. ती हसली. अर्धा चेहरा हसला. म्हणाली, "आता कुठं जमले मी. ते पण मशीनला."

मी कामाचे कागद काढायला लागलो.

"एकदा काढा ना मला," ती म्हणाली. "आहे तशी."

मी म्हटलं, "बरी झालीस की काढतो."

त्यावर ती काय म्हणाली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "बरी कशाला? तेव्हाची तर आहे की दुकानात."

मी तो कागद उचलला, चुरगळला आणि चहाच्या चोथ्याच्या डब्यात टाकला. मग त्याच टेबलावर बसून काम सुरू केलं. साहेबांना नवा चेहरा हवा होता, आधीच्याहून लहान. मी तिची वीस वर्षांची हनुवटी काढत होतो आणि ती समोर बसून गुडघ्यात पेन्सिल धरून, एका हातानं, मला टोकं करून देत होती.

त्यानंतर ती दीड वर्ष होती. मी तिला काढलं नाही. रोज समोर होती. कागद होता, पेन्सिल होती, टोकंसुद्धा केलेली होती.

डब्यातून तो कागद तिनं कधी काढला, कधी पुसला, शिवणाच्या डब्यात बटणांखाली कधी ठेवला, मला काही कळलं नाही. तुला तो तिथे सापडला, असं तू त्या दिवशी कुणाला तरी सांगताना माझ्या कानावर पडलं. मी तोवर त्या कागदापर्यंत पोचलोच होतो. चहाचा डाग बघितला. मी आधीच्या पत्रात रद्दीचा पुरावा म्हणून लिहिला ना, तोच डाग.

तुझ्या भिंतीवर ती हजार वेळा होती आणि तिला कुणी ओळखत नव्हतं, ते मला सोसलं. आयुष्यभर सोसलंच होतं. त्या शेवटच्या टाचणीवर मात्र ती एकदाच होती, आणि खरी होती. मला वाटलं, आता ही इतक्या माणसांत पुन्हा विचारणार, "काढता ना?" म्हणून हात गेला. मी तिला दुसऱ्यांदा चुरगळलं, ठिपके. पहारेकऱ्याला, तुला, हेडमास्तरांना, सगळ्यांना सवय म्हणून सांगितलं. स्वतःलाही महिनाभर तेच सांगत होतो.

तुझं कार्ड आल्यावर बसलो काढायला. आहे तशी. म्हणजे होती तशी. अकरा कागद झाले. दर वेळी ओठापाशी आलो की हात आपोआप टोक वर उचलतो. गाल भरतो. डोळा सरळ करतो. मी ओघळलेली रेघ काढायला जातो आणि खालून ती वीस वर्षांची वर येते, ओली, टॉवेल शोधणारी. माझ्या हाताला आता तिचा दुसरा चेहराच येत नाही. काल हेडमास्तर खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "वा! अगदी हुबेहूब साबणवाली!"

त्यांनी तुझ्या आईच्या हातचा चहा बारा वर्षं प्यायलाय.

तर आता तिचं खरं चित्र जगात एकच आहे आणि ते मशीनच्या चुकीनं निघालंय. ते या पाकिटात आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. ओल्या फडक्यावरून हलकी इस्त्री फिरवून बघितली, घड्या जात नाहीत. काही पहिल्या चुरगळण्यातल्या आहेत, काही दुसऱ्या. कुठल्या कुठल्या ते मी सांगू शकतो, पण तुला ते नकोच.

कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात भिंत न्यायला येणार, असं वाचलं. त्यांना रिकामी टाचणी हवी आहे. त्यांना ती देऊन हा कागद तुझ्याजवळ ठेवायचा, की त्याच टाचणीला हा लावून त्यांच्या दारात तिला उभी करायची, हे तुझं तू ठरव. मी सांगणार नाही. मी फार वर्षं तिच्या चेहऱ्याचं ठरवत आलो. पण लावलास तर भिंगानं बघणाऱ्यांना सांग, थोडं लांब उभे राहा.

गुरुजींच्या कवितेची दुसरी ओळ आठवली. सकाळी चहा गाळताना, चोथा डब्यात टाकता टाकता. लिहितो, उत्तरासाठी नाही.

रान म्हणाले पाखराला, जा, दाणे वेचून ये,
सांज म्हणाली, राहोत दाणे, तू तेवढे परत ये.

आणखी एक. छपाई सुरू होण्याआधी पहिला नमुना माझ्याकडे यायचा. त्याच्या पाठीवर मी दोन शब्द लिहून सही केल्याशिवाय मशीन हलत नसे. चाळीस वर्षांत रंग सरकलेल्या कागदावर मी ते शब्द एकदाही लिहिले नाहीत. काल लिहिले. कागद उलटा करून बघ.

"बरोबर. छापावे."

सही थोडी सरकली आहे. ती तशीच असू दे.

बाबा